तपकिरीची कुपी आणि तपकिरीची डबी

आजच्या भाषणाचा विषय कानी पडताच आपणांपैकी पुष्कळांस हसू आले असेल. तपकीर ही वस्तू मुळात शिंकेची. तिच्याविषयी बोलावयाचे ते काय, आणि त्यातही तिच्या रिकाम्या डब्यांविषयी व कुप्यांविषयी! म्हणून प्रथमच सांगून ठेवतो की, मी स्वतः तपकीर कधी ओढली नाही आणि कोणी ओढावी असे सांगणारही नाही. तंबाखू नाकाने घेतली काय किंवा तोंडाने घेतली काय, ती शरीरास जडते आणि अपाय करते, हे आता शाळेतल्या मुलांसही ठाऊक आहे. मला जडलेले व्यसन त्याहून निराळे. गेली तीस वर्षे मी तपकिरीची रिकामी भांडी जमवीत आहे. हा छंद ज्यास नव्याने धरावयाचा असेल त्याने कोठून आरंभ करावा, आणि मी केलेल्या चुका कशा टाळाव्यात, हे आज थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

मी पेठ वडगावचा राहणारा. मॅट्रिक झालो, शिक्षकाची सनद घेतली, आणि मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यात माझे आयुष्य गेले. आता वयाची पासष्टी उलटली आहे. जुन्या वस्तूंची परीक्षा मी कोणत्याही विद्यापीठात शिकलो नाही. ठेच लागली की खाली पाहावे, खाली पाहिले की काहीतरी सापडावे, अशा रीतीने जेवढे शिकता आले तेवढेच माझे ज्ञान. तेव्हा हे पंडिताचे व्याख्यान नव्हे. एका ठेचकाळलेल्या माणसाने मागून येणाऱ्यास दिलेली सूचना आहे, असे समजून ऐकावे.

आमचे वडगाव हे पेठेचे गाव. सरसेनापती धनाजी जाधव यांची समाधी येथे आहे, आणि आमचा आठवड्याचा बाजार आसपासच्या खेड्यांत प्रसिद्ध आहे. या बाजारात तांब्यापितळेची मोड घेणारे बसत. १९९२ साली अशाच एका मोडीच्या ढिगात फुटक्या तांब्याखाली मला एक पितळी डबी दिसली. अंगठ्याच्या पेराएवढी उंची, वर फिरकीचे झाकण, आणि झाकणावर मोराची लहानशी आकृती. उघडून हुंगली, तो नाकात तपकिरीचा वास गेला आणि सटासट तीन शिंका आल्या. मोडवाला हसला आणि म्हणाला, "मास्तर, डबीनं तुमास्नी पसंत केलं बगा." वजनाच्या भावाने ती मी विकत घेतली. माझ्या संग्रहाचा श्रीगणेशा तो हा.

घरी आलो तेव्हा आठवण झाली की, आपल्या घरातही एक तपकिरीचे भांडे आहे. माझे आजोबा बेलफळाच्या कवठीत तपकीर ठेवीत. लहानसे बेलफळ पिकले की त्यास वर एक भोक पाडावयाचे, आतला गर कोरून काढावयाचा, कवठी सावलीत वाळवावयाची आणि भोकाला लाकडाची खुंटी बसवावयाची. झाली डबी. पै खर्च नाही, फुटण्याची भीती फारशी नाही, आणि तपकीर आत कोरडी राहते. ज्या झाडाचे पान शंकरास वाहावयाचे, त्याच झाडाच्या फळात आजोबांची तपकीर सुखाने नांदत असे आणि शंकराचीही त्यास हरकत दिसत नसे. ती कवठी मी माळ्यावरून शोधून काढली. माझ्या संग्रहातील सर्वांत स्वस्त वस्तू ती, आणि आज घरास आग लागली तर प्रथम हाती घेईन तीही तीच.

आता ही तपकीर आपल्याकडे आली कोठून, ते थोडे पाहू. तंबाखू हे अमेरिका खंडातले झाड. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते आपल्या गलबतांतून पूर्वेकडे आणले. आपल्या दख्खनेत त्याने लवकरच मूळ धरले. इ. स. १६०४ च्या सुमारास असद बेग नावाचा मोगल सरदार विजापूरच्या दरबाराहून परतला, तेव्हा त्याने तेथून तंबाखू व रत्नजडित चिलीम नेऊन अकबर बादशहापुढे ठेवली. बादशहाने एकदोन झुरके घेतले, आणि हकीमांनी त्यास पुढे घेऊ दिले नाही, असे त्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे दिल्ली-आग्र्याकडे हे व्यसन आपल्या बाजूने गेले. हा मान मिरविण्यासारखा आहे असे नाही. पुढे निपाणीची पेठ तंबाखूवरच नावारूपास आली. तंबाखूची बारीक पूड ती तपकीर. शास्त्री, पुराणिक, कारकून आणि आमचे शिक्षकबंधू यांच्या उपरण्यावर तिचे डाग असावयाचेच. त्यामुळे पितळेच्या, चांदीच्या, शिंगाच्या, शिसवीच्या लाकडाच्या डब्या एके काळी घरोघर होत्या.

हीच तपकीर पूर्वेकडे चीन देशात गेली, आणि तेथे तिला आपल्याहून फार श्रीमंत घर मिळाले. चीनमध्ये तंबाखूचा धूर ओढण्यावर राजाज्ञेने बंदी घातली गेली होती. परंतु सतराव्या शतकात मांचू बादशहांचा अंमल सुरू झाल्यावर तपकीर औषध म्हणून दरबारात मान्य झाली. डोकेदुखी, पडसे, पोटाचे विकार यांवर ती घेत. औषधे कुपीत ठेवण्याची चाल तेथे पूर्वीपासून होती, म्हणून तपकिरीसही कुपीच मिळाली. युरोपात तपकिरीस डबी होती, आपल्याकडेही डबीच होती. चिनी माणसाने कुपी पत्करली याचे दुसरे कारण हवेचे. दमट हवेत डबीतली तपकीर ओली होऊन तिचे गोळे बनतात. अरुंद तोंडाच्या कुपीला घट्ट बूच बसविले की ती कोरडी राहते. शिवाय लांब बाह्यांच्या झग्यात किंवा कमरेच्या कशात कुपी सहज मावे. बुचाच्या आतल्या बाजूस हस्तिदंताची, बांबूची किंवा धातूची एक इवलीशी पळी लावलेली असते. बूच उपटले की पळी वर येते, तिने चिमूटभर तपकीर अंगठ्याच्या नखावर किंवा लहानशा बशीत काढावयाची. पाहुणा आला की आपण पानाचे तबक पुढे करतो, तशी तेथे कुपी पुढे करीत.

१६९६ साली कांग-शी बादशहाने बीजिंग येथे राजवाड्याचा काचकारखाना स्थापन केला आणि एका जर्मन जेझुइट पाद्र्याच्या हाताखाली तेथे काम चालू झाले. पुढे छ्येन-लुंग बादशहाच्या कारकीर्दीत, म्हणजे १७३५ ते १७९६ या काळात, ही कला कळसास पोहोचली. काच, चिनी माती, जेड, अकीक, स्फटिक, पोवळे, तृणमणी, मिन्याचे तांबे, लाखकाम, इतकेच काय पण साच्यात वाढविलेला भोपळासुद्धा, यांपैकी ज्याची म्हणून कुपी होऊ शकेल त्याची त्यांनी केली. काही कुप्यांत पांढऱ्या काचेवर तांबड्या किंवा निळ्या काचेचा थर चढवून तो थर वरून कोरून काढीत, म्हणजे पांढऱ्या भूमीवर तांबडी फुले उमटत. काही अकीकाच्या कुप्या आतून इतक्या पातळ पोखरलेल्या असतात की, पाण्यात सोडल्या तर तरंगतात. दगड पाण्यावर तरंगल्याचे आपण रामायणात ऐकतो; येथे तो कारागिराच्या मनगटाने तरंगतो.

सर्वांत नवलाची कुपी म्हणजे आतून रंगविलेली. काचेच्या कुपीत पाणी, वाळू व लोखंडाच्या बारीक गोळ्या घालून ती पुष्कळ वेळ हलवितात. त्यामुळे आतली काच कागदासारखी खरखरीत होते आणि रंग धरते. मग मटारच्या दाण्याएवढ्या तोंडातून वाकड्या टोकाची लेखणी आत घालून आतल्या बाजूने चित्र काढावयाचे. बाहेरून चित्र सुलट दिसावे म्हणून आतून सर्व उलट काढावे लागते; अक्षरेसुद्धा उलटी लिहावी लागतात. कागदावर आपण आधी आकृती काढून मग बारकावे भरतो. येथे बारकावे आधी आणि मागची भूमी शेवटी. ही कला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उदयास आली आणि त्या शतकाच्या अखेरीस चौ ल-युआन नावाच्या कलावंताने ती फार उंचीवर नेली. हा काळ कृपा करून ध्यानात ठेवावा, कारण माझ्या फजितीची किल्ली त्यातच आहे.

अशा कुप्या पाहावयास चीनला जावे लागत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, म्हणजे पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, त्या आहेत. पारशी व्यापाऱ्यांची गलबते एके काळी कापूस व अफू घेऊन चीनला जात आणि येताना रेशीम व चिनी मातीची भांडी आणीत. पारशी स्त्रियांच्या गाऱ्यांवरचे भरतकाम त्याच वाटेने आले. चिनी वस्तूंची आवड त्या समाजात अशी रुजलेली होती. १९१८ साली निवर्तलेले सर रतन टाटा यांचा मोठा संग्रह या वस्तुसंग्रहालयास मिळाला आणि १९३३ साली सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहाची त्यात भर पडली. चीन-जपानकडील वस्तूंचे दालन त्यामुळेच इतके भरलेले आहे. एका धनिकाने आपल्या आवडीने जमविलेल्या वस्तू आज वडगावचा शिक्षक तिकीट काढून तासभर पाहू शकतो, हे मला फार मोठे वाटते.

परंतु मी शहाण्यासारखा आधी वस्तुसंग्रहालयात गेलो नाही. आधी बाजारात गेलो. १९९४ साली एका लग्नानिमित्त मुंबईस गेलो असता जुन्या वस्तूंच्या एका दुकानात मला आतून रंगविलेली कुपी दिसली. डोंगर, धुके, होडीत बसलेला म्हातारा, आणि एका कडेस चार चिनी अक्षरे. दुकानदार म्हणाला की, ही बादशहाच्या वाड्यातली, एका पडत्या घराण्यातून आलेली, नाव सांगावयाची बंदी आहे. श्रोतेहो, ज्या वस्तूचा वंशवृक्ष सांगताना नाव सांगण्याची बंदी असते, तिच्यापासून चार हात दूर राहावे, हे मला आज कळते. त्या दिवशी मी अकराशे रुपये मोजले. ते आमच्या मुलीच्या सायकलीसाठी बाजूस ठेवलेले होते. घरी काय झाले ते नभोवाणीवर सांगण्यासारखे नाही.

पुढे काही महिन्यांनी एका वाचनालयात चिनी चिनीमातीवरचे एक इंग्रजी पुस्तक हाती आले. शब्दकोश उशाशी घेऊन ते वाचले. त्यात निरनिराळ्या बादशहांच्या नावांची अक्षरे छापलेली होती. मला चिनी भाषेचे अक्षरही येत नाही, परंतु मुलांच्या पाट्या तपासण्यात जन्म गेल्यामुळे रेघेला रेघ जुळते की नाही एवढे कळते. माझ्या कुपीवरची चार अक्षरे छ्येन-लुंगची निघाली. आनंदाने रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी पुढचे प्रकरण वाचले. त्यात लिहिले होते की, आतून रंगविण्याची कला एकोणिसाव्या शतकातली. छ्येन-लुंगची कारकीर्द १७९६ मध्ये संपली. तेव्हा त्याच्या कारकीर्दीत हे चित्र आले कोठून? काच जुनी आणि चित्र मागाहूनचे असे होऊ शकते, हे खरे. पण ती चार अक्षरे त्याच रंगाने, त्याच लेखणीने, चित्राबरोबरच आत लिहिलेली होती. मग मी बूच उपटून पाहिले. पळी इतकी आखूड की ती कुपीच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नव्हती. जिच्यातून तपकीर काढताच येत नाही ती तपकिरीची कुपी कसली! ती पाहुण्यांस विकण्यासाठी केलेली अलीकडची वस्तू होती. तिच्यात खोटे काही असेल तर तिची हकीकत खोटी होती. तो होडीतला म्हातारा बिचारा चांगलाच काढलेला आहे, आणि अद्यापि माझ्या कपाटात बसून मला हसतो.

या ठेचेतून जे धडे घेतले ते नवशिक्यासाठी क्रमाने सांगतो.

पहिला धडा असा की, विकत घेण्याआधी वर्षभर नुसते पाहावे. पुण्या-मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांत जावे, तीच वस्तू पुन्हा पुन्हा पाहावी. खऱ्याची सवय डोळ्यांस लागली म्हणजे खोटे आपोआप खटकते. शुद्ध लिहिणाऱ्यास अशुद्ध शब्द खटकतो तसे.

दुसरा धडा असा की, वस्तू कशासाठी केली होती ते आधी विचारावे. पळी तळापर्यंत पोहोचते काय? तोंड तपकीर भरता येण्याजोगे आहे काय? बूच त्याच कुपीचे आहे काय, की दुसरीचे आणून बसविले आहे? बुचे हरवतात आणि बदलतात, म्हणून ते वेगळे तपासावे. आपल्या पितळी डबीचे म्हणाल तर बिजागरी पाहावी, अंगठा जेथे टेकतो ती जागा पाहावी. पन्नास वर्षे एका माणसाच्या हातात वावरलेल्या डबीची नक्षी एकाच बाजूस गुळगुळीत झालेली असते. चौफेर सारखी झिजलेली डबी दिसली तर ती हाताने नव्हे, कानशीने झिजली आहे असे समजावे.

तिसरा धडा असा की, तळाच्या शिक्क्यावर किंवा सनावर भिस्त ठेवू नये. जुन्या बादशहाचे नाव नव्या वस्तूवर घालण्याची चाल चीनमध्ये फार जुनी आहे. कित्येकदा त्यात फसविण्याचा हेतूही नसतो, पूर्वजांविषयी आदर असतो. शिक्का हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

चौथा धडा असा की, घासू नये. दिवाळीच्या सुमारास आमच्या घरातील मंडळींनी देवाच्या उपकरणांबरोबर माझ्या अकरा डब्या चिंचेने लख्ख घासून ठेवल्या. त्यांचा हेतू थोर होता, म्हणून मी काही बोललो नाही. पण शंभर वर्षांच्या हातांनी पितळेवर आलेली ती काळसर, मऊ छटा अर्ध्या तासात नाहीशी झाली, आणि माझ्या उरलेल्या आयुष्यात ती परत येणार नाही. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसावी. फार तर तेवढेच.

पाचवा धडा कायद्याचा. १९७२ साली झालेल्या आणि १९७६ पासून अंमलात आलेल्या पुरावस्तूंच्या कायद्यान्वये शंभर वर्षांपूर्वीच्या कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि काही ठरावीक प्रकारच्या वस्तूंची नोंदणी करावी लागते. हस्तिदंताची खरेदी-विक्री तर आपल्याकडे बंदच आहे; तेव्हा कोणी कितीही जुनी म्हणून हस्तिदंती कुपी पुढे केली, तरी हात जोडून उठावे.

सहावा धडा पैशाचा. चिनी कुप्यांचा छंद आता जगभर पसरला आहे. १९६८ साली अमेरिकेत या छंदाची एक संस्था निघाली, आणि २०१० ते २०१५ या वर्षांत हाँगकाँग येथे ब्लॉक दांपत्याच्या प्रसिद्ध संग्रहाचे जे लिलाव झाले त्यांत एकेका निवडक कुपीस कोट्यवधी रुपये पडले. ते आपल्या आवाक्यातले काम नव्हे, आणि असण्याची गरजही नाही. चिनी कुपी काचेबाहेरून पाहावी, तिच्यापासून डोळा तयार करावा, आणि तो डोळा घेऊन आपल्या बाजारात, आपल्या माळ्यावर, आपल्या आजीच्या पेटीत पाहावे. मी आता तेच करतो. कुपी माझी गुरू. डबी माझा संग्रह.

आता सातवा धडा. तो सांगण्यासाठीच खरे म्हणजे मी आज येथे आलो आहे. प्रत्येक वस्तूबरोबर तिची हकीकत जमवावी, आणि ती त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावी. कोठे मिळाली, कोणाकडून, कोणत्या दिवशी, किती मोल दिले, देणाऱ्याने काय सांगितले, आणि त्यातले आपल्यास काय खरे वाटले.

याचे महत्त्व पाहावयाचे असेल तर कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात जावे. तेथे पोसायडन या ग्रीकांच्या समुद्रदेवाची लहानशी कांस्यमूर्ती आहे. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४४-४५ च्या सुमारास झालेल्या उत्खननात ती इतर कांस्य वस्तूंबरोबर मिळाली. ती तेथे, तशा सोबतीत मिळाली याची नोंद आहे म्हणून सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगाचा व आपल्या करवीराचा व्यापार होता असे आपण म्हणू शकतो. तीच मूर्ती एखाद्या दुकानाच्या फळीवर मिळाली असती तर? मूर्ती तीच राहिली असती, पण मुकी झाली असती.

पुण्याच्या केळकर संग्रहालयाचेही असेच. दिनकर गंगाधर केळकर यांचे घरचे दुकान चष्म्यांचे. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. सुमारे १९२० पासून या गृहस्थाने गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, पानाचे डबे, वाद्ये, कोरीव दरवाजे अशा आपल्या रोजच्या जगण्यातल्या वस्तू जमविल्या, आणि पत्नी कमलाबाईंनी त्यात मनापासून साथ दिली. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने त्यांनी तो संग्रह उभा केला आणि १९७५ साली महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. एका अडकित्त्याने सुपारी कातरता येते एवढेच आपल्यास ठाऊक. शेकडो अडकित्ते एके ठिकाणी पाहिले म्हणजे मराठी माणसाच्या हाताची कल्पना येते. पण ती कल्पना यावी म्हणून कोणीतरी तो अडकित्ता मोडीत जाण्याआधी थांबविला पाहिजे, आणि तो कोणाचा होता ते विचारले पाहिजे.

मी ते विचारले नाही, असे एकदा झाले. ती गोष्ट सांगून पुरे करतो.

१९९८ साली वडगावच्या जवळच्या एका खेड्यात एका वृद्ध बाईंनी मला एक डबी दाखविली. काळी पडलेली होती. म्हणाल्या, "जर्मनची हाय मास्तर, आमच्या मामंजींची. कायतरी द्या आन् घेऊन जावा." मी डबी हातात घेतली, आणि तिच्या वजनावरून मला तत्काळ कळले की ही चांदी आहे. श्रोतेहो, येथे मी बोलावयास पाहिजे होते. मी बोललो नाही. साठ रुपये दिले आणि डबी खिशात टाकून सायकलीवर बसलो. नुसत्या चांदीचाच भाव धरला तरी तिचे मोल त्या काळी सातशे रुपयांच्या वर होते. दुसऱ्यास खोटी हकीकत सांगून मुंबईच्या दुकानदाराने मला फसविले म्हणून मी त्यास चार वर्षे नावे ठेवीत होतो. आणि येथे मी नुसते गप्प राहून तेच केले.

घरी आल्यावर झाकणाच्या आतल्या बाजूस मोडी अक्षरे दिसली. आजोबांनी मला मोडी थोडी शिकविली होती. शके १८२१, गावकऱ्यांकडून वैद्यबुवांस, साथीत केलेल्या उपकाराबद्दल, असा मजकूर लागला. शके १८२१ म्हणजे इसवी सन १८९९. आपल्या भागात प्लेग होता तो काळ. त्या बाईंचे सासरे वैद्य होते आणि प्लेगमध्ये लोक घरेदारे टाकून माळावर राहावयास गेले असता तो माणूस गाव सोडून गेला नसावा, एवढे त्या तीन ओळींवरून कळत होते. मी कागद ठेवून वरून शिसपेन्सिल घासली, अक्षरांचा ठसा घेतला, आणि वहीत चिकटविला.

ती डबी मी तीन वर्षे कपाटात ठेवली, पण कोणास दाखवू शकलो नाही. संग्रह करणाऱ्यास जी वस्तू दाखविता येत नाही, ती त्याची नव्हेच. अखेर २००१ साली मी ती परत करावयास गेलो. बाई वारल्या होत्या. नातू दारात उभा होता. मला इतकी लाज वाटत होती की, "ही तुमची चांदीची डबी, चुकून माझ्याकडे आली होती," एवढेच बोलून मी ती त्याच्या हातात ठेवली आणि चहालाही न थांबता निघालो. पंधरा दिवसांनी कळले की, घरात अडचण होती म्हणून त्याने ती सोनाराकडे नेऊन मोडली. त्याचा काही दोष नव्हता. त्याच्या हाती मी आठ तोळे चांदी दिली होती, आणि चांदीचे जे करावयाचे ते त्याने केले. आमच्या भागात हुपरीसारखे चांदीच्या दागिन्यांचे गाव आहे. त्या डबीचे कोणा मुलीच्या पायात पैंजण झाले असतील.

पुढे पुष्कळ वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, मी धीर करून तो ठशाचा कागद त्या नातवास दाखविला आणि मजकूर वाचून दाखविला. त्याने तो दोनदा वाचावयास लावला. मग म्हणाला, "गुर्जी, हे त्या टायमाला का नाही सांगितलंसा?"

या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते आणि आजही नाही. डबी परत केली म्हणजे ऋण फिटले असे मला वाटले होते. पण मी त्या घरातून दोन वस्तू आणल्या होत्या, डबी आणि तिची हकीकत. आणि परत एकच केली. त्या कागदाची एक प्रत आता त्यांच्या घरात चौकटीत लावलेली आहे. मूळ ठसा माझ्या वहीत, अनुक्रमांक सत्तेचाळीस. संग्रहात त्या क्रमांकाची जागा रिकामी आहे, ती मी भरीत नाही.

म्हणून नवशिक्यास माझे सांगणे एवढेच की, पहिला खर्च वहीचा करावा. दोनशे पानी, चांगल्या कागदाची. ज्याच्याकडून वस्तू घ्याल त्यास ती काय आहे ते आधी सांगावे. सांगितल्यावर तो देणार नाही म्हणाला तर नमस्कार करून, हकीकत तेवढी लिहून घेऊन परतावे. संग्रहात एक वस्तू कमी होईल, वहीत एक पान वाढेल. आणि ज्यांस डबी नको, कुपी नको, यातले काहीच जमवावयाचे नाही, त्यांनीही आज रात्री घरातल्या वडील माणसास एवढे विचारून पाहावे की, ही फडताळातली वस्तू कोणाची होती? सांगणारे माणूस समोर बसलेले आहे तोवर विचारलेले बरे.

मला दिलेला वेळ संपला. आपण शांतपणे ऐकून घेतलेत, मध्ये कोणास शिंक आली नसेल अशी आशा करतो.